हुंकाऱ्याचा पंचनामा

“हा तो नोहे,” डोमाजी म्हणाले आणि चित्र पालथं करून खाटेवर ठेवलं.

खाटेवर आधीची पाच चित्रं पालथी पडून होतीच. मी सातवं पुढे केलं.

“हाही नोहे.”

“काका, तुम्ही नीट पाहिलंसुद्धा नाही.”

“नीट कायले पाह्यचं? अनोळखी माणूस फाटकातच अनोळखी दिसते. त्याले आत बसवून, चहा पाजून मंग ठरवा लागते का?”

वादाचा मुद्दा असा, की तो प्राणी अस्तित्वातच नव्हता. हे मला माहीत होतं. डोमाजींना तर माझ्या आधी माहीत होतं, कारण तो त्यांनीच मनाने रचला होता. तरीही ते ओळखपरेडीच्या साक्षीदारासारखे माझी चित्रं एकेक करून नाकारत होते, आणि चेहऱ्यावर निदान खेद तरी असावा, तर तोही निरंक.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते आणि नागपुरात चित्रकलेचं शिक्षण संपवून नुकतीच बाहेर पडले होते. डोमाजी शेंडे निवृत्त नाकेदार. नाकेदार म्हणजे वनरक्षक. आमच्याकडची जुनी माणसं अजून तोच शब्द वापरतात. गावाचं नाव मी सांगत नाही. त्यात एका सरकारी फाईलचा प्रश्न आहे.

बत्तीस वर्षं डोमाजी एकाच बीटात, म्हणजे जंगलाच्या एकाच तुकड्यात, फिरले. गस्तीच्या रजिस्टरात रोज संध्याकाळी लिहायचं, आज काय दिसलं, असा खात्याचा नियम. आणि जंगलाचा नियम असा, की बहुतेक दिवशी काहीच दिसत नाही. अशा दिवसासाठी सरकारने एक शब्द दिलाय: निरंक. डोमाजींनी तो हजारो वेळा लिहिला. रजिस्टरात एकही खोटी नोंद केली नाही, याचा त्यांना अभिमान होता. पण माणूस शेवटी कंटाळतोच. तेव्हा त्यांनी दुसरी वही सुरू केली. सरकारी रजिस्टरात जे दिसलं ते, या वहीत जे दिसलं नाही ते.

त्या वहीत एकोणीस प्राणी होते. सहीखाऊ नावाचा किडा: फायलीतला बाकी सगळा कागद सोडून फक्त सही खातो. दुपारी नावाचं मऊ जनावर: जेवणानंतर माणसाच्या पापण्यांवर येऊन बसतं. थांब्या नावाचा मासा: तळ्याचं पाणी आटलं तरी चिखलात तोंड वर करून तिथेच थांबतो. वर्णन दोन-तीन ओळींचं, पण तारीख, वेळ आणि ठिकाण चोख.

या वहीवरून कुंदाताई देशकरांना पुस्तक काढायचं होतं. कुंदाताई मुलांची पुस्तकं छापायच्या. जंगलातले पक्षी ओळखायला पुस्तिका असते ना, तशीच ही, फक्त जे नाहीत त्यांना ओळखायला. चित्रं मी काढायची. अट एकच: प्रत्येक चित्रावर लेखकाने ‘ओळख पटली’ असं लिहून सही करायची. आधीच्या एका पुस्तकात बगळ्याच्या चित्राखाली ‘कावळा’ छापून गेलं होतं आणि चौदा शिक्षकांची पत्रं आली होती. तेव्हापासून कुंदाताई सहीशिवाय माशीसुद्धा छापत नसत.

छापखान्यात त्यांना तीस नोव्हेंबरची तारीख मिळाली होती. ती चुकली तर मशीनवर भरतीचे प्रश्नसंच चढणार, आणि ते एकदा चढले की मे महिन्याशिवाय उतरत नाहीत.

“मग पुढल्या वर्षी बघू,” कुंदाताई म्हणाल्या होत्या. पुस्तकाच्या धंद्यात ‘पुढल्या वर्षी’ म्हणजे काय, हे मला एव्हाना कळून चुकलं होतं. माझं ‘पुढल्या वर्षी’ मामाच्या फ्लेक्सच्या दुकानात होतं. तिथे मी सुट्टीत वाढदिवसांचे बॅनर करायचे. भावी नगरसेवकाच्या मागे गर्जना करणारा वाघ लावायचा. वाघ नेहमी एकच. नगरसेवक बदलायचे.

म्हणून मी नोव्हेंबरच्या पाच तारखेला सगळं सामान बांधून डोमाजींच्या गावी मुक्कामालाच आले होते. त्यांच्या ओसरीला लागून एक खोली होती, तिथे धानाची पोती आणि मी.

“मग कसा आहे तो, ते तरी सांगा,” मी म्हटलं.

“मले काय माहीत? मी कधी पाह्यला?”

“पाहिला नाही, तर हा तो नाही हे कसं कळतं?”

डोमाजींनी बिडी कानावरून काढली, पाहिली आणि परत कानावर ठेवली. काकूंनी तीन वर्षांपूर्वी बिडी बंद केली होती. एवढंच चालू ठेवायची परवानगी होती.

“तुह्या आजोबाच्या बापाले तू पाह्यलं?”

“नाही.”

“मंग उद्या मी कोन्यातरी म्हाताऱ्याचा फोटो आणला, म्हटलं, घे पोरी, हार घाल. घालशीन?”

मी पहिलं चित्र सुलटं केलं. सहाच्या सहा, अधिक सातवं, सगळी हुंकाऱ्याची होती. वहीतली ती पहिलीच नोंद: ‘जंगलात एकटा माणूस बोलत चालला की मागून कोणीतरी हं म्हणते. वळून पाहता कोणी नाही. दुसऱ्यांदा बोलता पुन्हा हं.’ बस, एवढंच. 

पहिल्या चित्रात मी त्याला खवले आणि पंख दिले होते. दुसऱ्यात शाळेच्या तक्त्यावरच्या अस्वलासारखा बाजूने उभा केला होता. तिसऱ्यात फार गोड केला होता, बशीएवढे डोळे.

“याच्या डोळ्याले काय झालं?” डोमाजींनी त्या दिवशी विचारलं होतं. “याले कोनी वाईट बातमी सांगितली का?”

चूक माझ्या हाताची होती. माझा हात कुठलीही शैली दोन दिवसांत उचलायचा. कॉलेजातले सर एकदा माझ्या मागे बराच वेळ उभे राहिले होते आणि म्हणाले होते, “हात चांगला आहे. कुणाचा आहे?” मी ते कौतुक समजून घरी सांगितलं होतं.

डोमाजी उठले, आत जाऊन एक काच घेऊन आले. वहीच्या पानाएवढी, कडांना चिकटपट्टी लावलेली.

“नोकरीचे पहिले नऊ वर्ष मले वाघ दिसला नाही. पण माह्या बीटात तीन होते, तिघंही ओळखीचे. कसे? पायावरून. ठशावर ही काच ठेवाची, वरून पेनानं गिरवाचं. आधी पाय, मंग धड. तू आधी धड काढून राह्यली. ज्याचे पायच जमिनीले लागले नाही, त्याले मी कसा ओळखू?”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती काच घेऊन नाल्यावर गेले. सोबत काकूंचा एक स्टीलचा पेला होता, पाणी प्यायला म्हणून नेलेला.

नाल्याच्या काठी ओली रेती होती. तिच्यावर बकऱ्यांचे ठसे होते, एका सायकलचा होता, आणि कुणाच्या तरी चपलेवरचं कंपनीचं नाव उलटं उमटलेलं होतं. हुंकाऱ्याचा नव्हता. मी अर्धा तास वाट पाहिली. हे मी आता कबूल करते: मी खरंच वाट पाहिली.

मग पेला उपडा करून रेतीत दाबला. गोल उमटला. त्याच्या मागे दोन बोटांच्या पेरांनी दोन गाठी दाबल्या. बऱ्यापैकी पाय झाला. त्यावर काच ठेवून गिरवला, पेल्याने पाणी प्याले आणि घरी आले. 

डोमाजींनी काच उजेडाकडे धरली. पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी पालथं ठेवलं नाही.

“किती ठसे केले?”

“एक.”

“एकच?”

“नमुन्यापुरता.”

“पुसला का?”

“नाही.”

त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी नाल्यात कचरा टाकून आले होते. “एका ठशाचं जनावर असते काय? आभाळातून टपकलं, एक पाय टेकवला न् परत वर गेलं?”

“काका, खोटाच तर ठसा आहे.”

“खोटा असो का खरा असो, अर्धा नसावा,” असं म्हणून ते आत गेले. मी रात्रीपर्यंत आठवं चित्र काढलं. त्याला तो पाय लावला. बाकी प्राणी त्या पायाला ओळखत नव्हता. ते चित्र मी स्वतःच पालथं ठेवलं, तेवढाच त्यांचा त्रास वाचला.

*

सकाळी अकराच्या सुमारास फाटकाशी मोपेड थांबली. खाकी गणवेशातली माझ्याच वयाची मुलगी उतरली. केसांचा घट्ट अंबाडा, काखेत फाईल. चेहरा सरकारी ठेवायचा ती आटोकाट प्रयत्न करत होती, पण तो ऐकत नव्हता.

“नमस्कार, शेंडे काका. मी वनरक्षक प्रणाली मडावी. तुमच्याच बीटावर आहे आता.”

“या मॅडम, बसा,” डोमाजी उठून म्हणाले. खात्याच्या माणसापुढे ते बसत नसत, मग ते माणूस नातीच्या वयाचं का असेना.

“रेंज ऑफिसला रिपोर्ट पाठवायचा आहे. पण त्याआधी तुमचं मत घ्यावं म्हटलं. सगळे म्हणतात, या जंगलातलं शेपूट दिसलं तरी तुम्ही जनावराचं नाव सांगता.” तिने फाईल उघडली आणि खाकरून वाचायला घेतलं. “पंचनामा. आज सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी गस्तीवर असताना नाल्याच्या उत्तर काठावर ओल्या रेतीत अज्ञात वन्यप्राण्याचे एकूण तेवीस ठसे मिळून आले.”

मी चहा पीत होते. तो नाकात गेला.

“ठसे गोल, मागील बाजूस दोन गाठी. नखांचे निशाण निरंक. सोबत पंच म्हणून गावचे मुख्याध्यापक आणि किराणा दुकानदार हजर होते. दोन्ही पंचांनी सांगितले की असा प्राणी त्यांच्या पाहण्यात नाही. मात्र असल्यास त्यांची हरकत नाही.”

“तेवीस?” मी म्हटलं.

“मी तीनदा मोजले, ताई.” तिने पंचनाम्याचं मागचं पान माझ्यापुढे धरलं. “हा स्थळ नकाशा.”

मी तो नकाशा पाहिला. पट्टी आणि निळं बॉलपेन. वर उत्तरेचा बाण. नाला, मोहाचं झाड, बाभूळ. ठसे एक ते तेवीस, प्रत्येकाला आकडा, दोन ठशांमधलं अंतर सेंटिमीटरमध्ये. सगळं बाळबोध, आखीव. आणि त्या ठशांवरून तुटक रेघांची एक वाट जात होती, मध्येच मोहाखाली थांबत होती, तिथे तुटक रेघेचाच एक ओबडधोबड गोल होता आणि त्यात लिहिलं होतं: ‘येथे बसला असावा’.

माझ्या आठ चित्रांपैकी एकही कधी कुठे बसलं नव्हतं.

“या तुटक रेघा कशाच्या?”

“पक्की रेघ म्हणजे मोजलेलं. तुटक म्हणजे अंदाज. ट्रेनिंगमध्ये आम्हाला बजावून सांगितलं होतं, जे पाहिलं नाही ते पक्क्या रेघेनं काढायचं नाही.” ती पुढे वाकली. सरकारी चेहरा पार गळून पडला होता. “हे पाहा ना. पहिला ठसा नुसताच आहे, जरा अडाणीपणे टाकलेला. पण दुसऱ्यापासून चाल लागते. डावा पाय ओढतो तो. प्रत्येक डाव्या ठशामागं रेतीत एक बारीक ओळ आहे. पाच-सहा पावलं चालतो, थांबतो. इथं मोहाखाली बसला. मग इथं, पंधराव्याला, वळून मागं पाहिलंय. मागं कुणाचे ठसे नाहीत. एकटाच आहे. वय झालेलं आहे. पण घाई नाही, घाबरलेला नाही. आपल्याच रानात असल्यासारखा चालला आहे.”

डोमाजी नकाशा पाहत होते, तो पालथा करावा असं त्यांच्या हाताला वाटत नव्हतं.

“काका, कोण असेल हो हा?” प्रणालीने विचारलं.

आता सांगणं भाग होतं. पाच वाजता तो कागद रेंज ऑफिसला गेला असता, तिथून नागपूरला, आणि मग कुणीतरी मोठा माणूस जीप घेऊन एका पेल्याला शोधायला आला असता.

“पहिला ठसा मी केला,” मी म्हटलं. “पेल्याने. चित्रासाठी. चुकलं माझं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “आणि बाकीचे बावीस?”

मी डोमाजींकडे पाहिलं. त्यांनी बिडी कानावरून काढली.

“पूर्ण केला,” ते म्हणाले.

“काय?”

“एक ठसा तसाच सोडून झोप लागते का माणसाले? उजाडल्या उजाडल्या गेलो. कुठून आला, कुठी गेला, काही तर असावं. पेला टेकवत न् माहे पाय पुसत मी आपला चाललो. चालता चालता दोन गोष्टी बोललो, जरा बसलो, परत चाललो. मंग बरं वाटलं.” ते उठले, अंगण ओलांडून पडवीच्या कोनाड्यापाशी गेले, पेला घेऊन परत आले. काकू सकाळपासून तो शोधत होत्या.

अंगण नुकतंच झाडलेलं होतं. त्यांच्या जाण्यायेण्याचे ठसे धुळीत स्वच्छ उमटले होते, आणि प्रत्येक डाव्या पावलामागे एक बारीक ओळ होती. ती मला दिसली. प्रणालीलाही दिसली. तिने नकाशाकडे पाहिलं, मग परत अंगणाकडे.

मग ती एकदम रागावली. “माझी पहिली नोंद होती ही! आठ महिने झाले मला. आठ महिने रोज निरंक, निरंक, निरंक. आज पहिल्यांदा काहीतरी लिहिलं मी. मुख्याध्यापकांना प्रार्थनेतून उठवून नेलं!”

डोमाजींनी हात जोडले. “मॅडम, चूक माही आहे. बत्तीस वर्षांत एक खोटी नोंद केली नाही न् तुमच्या रजिस्टरात करवली. लिहा, जे काय असन ते माह्या नावावर लिहा.”

“फाडताही येत नाही,” ती जवळजवळ रडत म्हणाली. “नंबर पडलेला आहे कागदाला. आणि पंधरा दिवसांत अंतिम अहवाल द्यावा लागतो.”

मला तेव्हा काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “तुझं पेन देतेस?”

तिने रागातच दिलं. मी सातवं चित्र घेतलं, त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर तिची पट्टी ठेवली. आधी नाला. मग ठसे, पक्क्या रेघेने, एक ते तेवीस, तिच्या नकाशावरून मोजून. मग पायांपासून वर चढायला लागले, तुटक तुटक. ओढणारा डावा पाय. किंचित वाकलेली पाठ. मोहाकडे झुकलेला खांदा. जिथे माहीत नव्हतं तिथे रेघच काढली नाही. कागद बराचसा रिकामा राहिला, पण त्या रिकाम्या जागेत कुणीतरी उभं होतं. माझ्या हाताला पहिल्यांदा कुणाची आठवण आली नाही.

डोमाजी माझ्या डोक्यावर वाकले होते. 

“मान नोको काढू. मान मले माहीत नाही.”

“बरं. कान?”

“कान काढ.” ते आणखी वाकले. “कान पक्क्या रेघेनं काढ.”

“पाहिलेलं नसताना?” प्रणाली फणकाऱ्याने म्हणाली.

“ऐकते तो, मॅडम. बत्तीस वर्ष माही बडबड ऐकली त्यानं. पोरीचं लग्न, सायबाचा जाच, गुडघा, सारं. तेवढं मोजलेलं आहे.”

मी कान काढले. पक्के, थोडे मोठे, एक पुढे आणि एक मागे वळलेला.

डोमाजींनी कागद उचलला. हात लांब करून पाहिला, जवळ घेऊन पाहिला. फाटकातून येणाऱ्याकडे पाहावं तसा. मग माझ्या हातातून पेन घेतलं आणि कोपऱ्यात हळूहळू लिहिलं: ‘ओळख पटली. डो. शेंडे.’

“मापं कुठं आहेत?” प्रणाली म्हणाली. “आणि उत्तर दिशा? उत्तर दिशेशिवाय नकाशा बाद असतो, ताई.”

*

पुढचे पंधरा दिवस आम्ही तिघांनी जे केलं, ते बाहेरून कसं दिसत असेल याचा मी तेव्हा विचार केला नाही, हे बरंच झालं.

जंगलात एक बोटही उमटवायचं नाही, अशी प्रणालीची अट होती. म्हणून डोमाजींच्या शेतातल्या बोडीवर काम चालायचं. बोडी म्हणजे छोटं तळं. पाणी मागे हटून काठाला छान गाळ उघडा पडला होता. डोमाजी वहीतली नोंद वाचायचे, मग चपला काढून तो प्राणी चालून दाखवायचे. आम्ही दोघी पाठ करून उभ्या राहायचो, कारण प्राणी दिसायचा नाही असाच नियम होता. ते “झालं” म्हणाले की प्रणाली टेप घेऊन गाळात उतरायची आणि काय घडलं ते वाचायची. मी काढायचे. मोजलेलं पक्कं, अंदाज तुटक.

थांब्या माशाला पाय नव्हते, तर डोमाजी एक तास गाळात नुसते बसले. उठले तेव्हा जो खळगा राहिला तोच आम्ही काढला. सहीखाऊचं चित्र म्हणजे एक पूर्ण कागद आणि जिथे सही असायची तिथे कुरतडलेली खिडकी. दुपारीसाठी मला झोपावं लागलं. उठल्यावर गालावर उमटलेली चटईची नक्षी प्रणालीने टेपने मोजली. तिने सगळ्यांना उत्तर दिशा दिली. माझ्या गालालासुद्धा.

रोजच्या रोज सह्या पडत होत्या. सगळ्याच पडल्या असं नाही. एका पक्ष्यावर डोमाजी तीन दिवस अडून बसले, कारण त्याची एक ढांग एका बोटाने कमी पडत होती. 

सत्तावीस तारखेला कुंदाताई स्वतः आल्या. मी फोनवर “कामाची पद्धत बदलली आहे” एवढंच सांगितलं होतं आणि त्या वाक्याने प्रकाशक झोपत नाहीत. त्या बांधावरून चालत आल्या तेव्हा त्यांचा सत्तरीला टेकलेला लेखक गाळात एका पायावर उड्या मारत होता आणि त्यांची चित्रकार व एक गणवेशातली शासकीय कर्मचारी त्याच्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

“वृषाली,” कुंदाताई म्हणाल्या, “मी नंतर येऊ का?”

मी त्यांना बाभळीच्या सावलीत बसवून अठरा कागद हातात दिले. त्या एकेक पाहत गेल्या. हुंकाऱ्यापाशी थांबल्या. कोपऱ्यातली सही पाहिली, पुन्हा चित्र पाहिलं.

“याचा चेहराच नाही,” त्या म्हणाल्या.

“माहीत नाही, म्हणून काढला नाही.”

“मुलं विचारतील.”

“विचारू द्या ना.”

त्यांनी कागद नीट जुळवून ठेवले. मग गाळाकडे बघून म्हणाल्या, “आणि तो कोण आता?”

“एकोणिसावा. एकटांग्या टिटवा. एका बोटाने अडलाय.”

कुंदाताईंनी चष्मा पुसला, चपला काढल्या, पदर खोचला आणि त्या बांधावरून खाली उतरल्या. “डोमाजी भाऊ, अहो, उडी मारताना हात वर करा. पक्षी आहे ना तो? पंख न उचलता कसा पुढे जाईल?”

डोमाजींनी हात वर करून उडी मारली. प्रणालीने टेप लावला. बरोबर एक बोट वाढलं होतं.

*

सही घेऊन कुंदाताईंनी बांधावरूनच छापखान्याला फोन लावला. “घेऊन येते,” एवढंच म्हणाल्या. मग हात धुवायला वळल्या, तेवढ्यात प्रणालीने मोपेडच्या डिकीतून फाईल काढली.

“काका, माझं राहिलं. आज पंधरावा दिवस. अंतिम अहवाल आहे.”

“काय लिहिलं, मॅडम?” डोमाजी ताठ उभे राहिले.

“खरं तेच. ठसे पुस्तकाच्या कामी केलेले, वन्यप्राणी नाही, गुन्हा नाही.” तिने घसा साफ केला. “पण फॉर्मात एक रकाना असतो, प्राण्याचं पुढं काय केलं. तो कोरा सोडता येत नाही. तर मी असं लिहिलं: ओळख पटल्यावरून सदर प्राणी श्री. डोमाजी शेंडे यांच्या ताब्यात देण्यात आला. खाली तुमची पोच लागते.”

डोमाजींनी कागद घेतला. ओल्या बोटाने एकेक ओळ धरून, ओठ हलवत सगळा वाचला. बत्तीस वर्षांत त्यांनी किती तरी कागद वरच्यांना दिले होते. ताब्यात काही मिळाल्याचा हा पहिलाच असावा.

“यात जनावराची स्थिती लिहा लागते,” ते म्हणाले. “जखमी का धडधाकट.”

“डावा पाय ओढतो, असं लिहिलंय ना मी.”

“ते असू दे. त्यानं काही अडत नाही.” त्यांनी पेन मागितलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि सही करण्याआधी आपल्या अक्षरात वर एक ओळ लिहिली. मग तो प्रणालीकडे दिला, तिने माझ्याकडे, मी पहिल्या पंचाच्या जागी सही करून कुंदाताईंकडे, कारण दुसऱ्या पंचाची जागा अजून रिकामी होती.

कुंदाताईंनी ती ओळ मोठ्याने वाचली, चुकलंबिकलं असलं तर कळावं म्हणून.

“सदर प्राणी सुस्थितीत मिळाला.”

आणि चिखलाच्या हातानेच खाली सही केली.